सड्यावरच्या वनस्पतींची नोंद: वहीपासून हर्बेरियमच्या कपाटापर्यंत

सह्याद्रीतल्या सड्यांवर (सपाट, उघड्या कातळी पठारांवर) जांभ्याच्या कातळावर जेमतेम बोटभर माती असते. पावसाच्या चार महिन्यांत उगवायचे, फुलायचे, बी टाकायचे आणि वाळून जायचे, एवढ्यात इथल्या बहुतेक वनस्पतींचे वर्ष उरकते. म्हणून दहा सडे एकेकदा पाहण्यापेक्षा एकच सडा दहा वेळा पाहावा. पहिल्या दमदार पावसापासून ऑक्टोबर संपेपर्यंत दर दहा-बारा दिवसांनी फेरी ठेवली, तर एकाच झाडाची कळी, फूल आणि पिकलेले फळ हाती लागते. नुसत्या फुलावर गवताची किंवा गेंदाची (एरिओकॉलॉन या चिमुकल्या रोपाची) ओळख पटत नाही, बी लागतेच.

उन्हाळ्यातही दोन फेऱ्या ठेवा. तळेगाव-दाभाडे परिसरातल्या माळांवरून २०२४ मध्ये डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा ही नवी प्रजाती प्रसिद्ध झाली. ती एकदा पावसाळा सरल्यावर फुलते आणि वणव्यानंतर मे-जूनमध्ये पुन्हा फुलते. दोन्ही वेळचे तिचे रूप इतके निराळे असते की एकाच वेळी जाणाऱ्याला ती अर्धीच कळेल.

सड्याची विभागणी मनाशी पक्की करा: पाणी साचलेले खळगे, मातीचा पातळ थर, कातळातल्या भेगा, झऱ्याची सतत ओली कड, झुडपांची बेटे आणि कड्याचा काठ. पाच पावलांवर वस्ती बदलते आणि तिच्याबरोबर वनस्पतीही बदलतात. ‘सड्यावर’ एवढेच लिहिलेली नोंद जवळजवळ निकामी.

परवानगी आधी, पिशवी नंतर. वनजमिनीवर वन विभागाची लेखी परवानगी लागते. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वेगळी परवानगी घ्यावी लागते. कोकणातले बरेच सडे मालकीचे आहेत, तिथे मालकाला विचारा आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवा.

किती तोडायचे? वीस रोपे दिसली तर एक घ्यायचे, हा सर्वसाधारण हिशेब. वीसपेक्षा कमी असतील तर छायाचित्रांवर आणि फार तर एका फुलाच्या फांदीवर भागवा. कंदीलपुष्पाचा (सेरोपेजिया) कंद उकरू नका. जमिनीलगत वेल कापला तर कंद पुढच्या पावसात पुन्हा फुटतो.

फोटो आणि वही

समोरून काढलेला फुलाचा सुंदर फोटो ओळखीला सहसा उपयोगी पडत नाही. क्रम असा ठेवा: आधी वस्ती, मग मिलिमीटरच्या पट्टीसह पूर्ण रोप, पानाच्या दोन्ही बाजू, फूल समोरून, बाजूने आणि मागून, शेवटी फळ आणि बी. कवल्याच्या फुलाची पिवळी पाकळी सगळेच टिपतात, पण निदलपुंजावरचे केस आणि शिरा मागूनच दिसतात. हबे आमरीची मागची मधनळी बाजूनेच मोजता येते. कंदीलपुष्पाची नळी उभी चिरून आतला मुकुटासारखा भाग टिपला नाही, तर तज्ज्ञालाही खात्रीने काही सांगता येत नाही.

वही पेन्सिलीने लिहा. जेल पेनाची शाई पहिल्याच सरीत पसरते. संकलन क्रमांक १ पासून सुरू करा आणि आयुष्यभर पुढे चालवा, दर वर्षी नव्याने १ नको. एक क्रमांक म्हणजे एक प्रजाती, एक जागा, एक दिवस. तोच क्रमांक फोटोला, वाळवलेल्या नमुन्याला, बाटलीला आणि पानाच्या पाकिटाला.

वहीत सर्वांत आधी तेच लिहायचे जे वाळल्यावर नाहीसे होते. रंग (‘गुलाबी’ नव्हे, ‘फिकट गुलाबी, घशात पिवळा ठिपका’), वास, तोडल्यावर निघणारा चीक, रोपाची उंची, खोड उभे की पसरलेले, फूल किती वाजता उमलले, त्यावर कोणता कीटक होता. मुर्डानियाच्या पाकळ्या तर काही तासांतच विरघळतात, घरी आल्यावर लिहू म्हणाल तर लिहायला काही उरत नाही.

जागा दशांश अंशांत, दशांशानंतर पाच आकडे, आधारप्रणाली डब्ल्यूजीएस ८४, आणि शेजारी जीपीएसने दाखवलेली चूक मीटरमध्ये. फोन पहिल्या मिनिटाला शंभर मीटर इकडेतिकडे दाखवू शकतो. उघड्यावर थांबा, चूक दहा मीटरच्या आत आली की आकडा उतरवा. फोनने दिलेल्या उंचीवर विसंबू नका, ती नकाशावरून घ्या. शिवाय जागा शब्दांतही लिहा: गाव, तालुका, वाडी, कोणत्या वाटेने किती अंतरावर. ‘कोल्हापूर, डोंगरावर’ अशी चिठ्ठी असलेला जुना नमुना हातात आला की या ओळीची किंमत कळते.

स्थानिक नाव ऐकले तसेच लिहा, शुद्ध करू नका, आणि कोणत्या गावात, कोणत्या बोलीत ऐकले तेही नोंदवा. मात्र त्यावरून ओळख ठरवू नका. मुसळी, तेरडा, सोनकी ही नावे प्रत्येकी अनेक प्रजातींना चालतात.

दाबणे आणि वाळवणे

सगळ्यात जास्त नमुने इथे वाया जातात, आणि तेही पावसाळ्यातच.

साधारण ४५ × ३० सेंटिमीटरच्या दोन लाकडी जाळ्या, दोन पट्टे, टिपकागद, वर्तमानपत्रे आणि नालीदार पुठ्ठे एवढ्यात दाब (नमुने दाबायचे साधन) तयार होतो. नमुना त्याच दिवशी दाबा. एक पान उलटे ठेवा, म्हणजे खालची बाजू नंतरही दिसते. लांब रोप कापू नका, इंग्रजी व्ही किंवा एन अक्षरासारखे दुमडा. गेंदासारखी चिमुकली रोपे एका कागदावर आठ-दहा लावा, मुळांसकट.

सीतेची आसवे (युट्रिक्युलारिया) उपटली की हाती फक्त दांडा येतो, कीटक पकडणाऱ्या पिशव्या चिखलातच राहतात. मातीचा गोळा उचलून पसरट ताटात पाण्याने हळूहळू धुवा, रोप तरंगू द्या, खालून कागद सरकवून वर उचला.

कागद पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ बदला, नंतर रोज एकदा, एकूण आठ-दहा दिवस. ओला कागद एक रात्र राहिला तरी पाने काळी पडतात आणि दोन रात्रींत बुरशी धरते. हवा दमट असेल तर लाकडी खोक्यात तळाला ६० वॉटचा दिवा लावून दाब उभा ठेवा, पुठ्ठ्याच्या नाल्या वर-खाली येतील असा, म्हणजे गरम हवा त्यांतून चढते. तापमान ४० ते ४५ अंश सेल्सिअस. घाईने चुलीवर किंवा तव्यावर वाळवलेली पाने हात लावताच चुरा होतात. कंद आणि मांसल खोडे उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवा किंवा उभी चिरा, नाहीतर दाबातही ती जिवंत राहतात आणि फिकट कोंब काढतात. नमुना वाळला की नाही ते गालाला लावून पाहा. गार लागला तर ओल आहे.

दाबण्याआधी दोन गोष्टी बाजूला काढा. दोन-तीन फुले ७० टक्के अल्कोहोलमध्ये, बाटलीच्या आत पेन्सिलीने क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टाकून (बाहेरची चिठ्ठी अल्कोहोलच पुसून टाकते). आणि डीएनएसाठी कोवळ्या, निरोगी पानाचे तुकडे कागदी पाकिटात घालून पानाच्या वजनाच्या दहापट सिलिका जेलमध्ये. तुकडे एका दिवसात कडकडीत झाले पाहिजेत, जेलचा रंग बदलला तर ते बदला. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेले फूल डीएनएसाठी बाद समजा.

वाळलेला नमुना ४२ × २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर शिवून आणि डिंकाने लावतात. चिठ्ठी उजव्या कोपऱ्यात खाली, सुट्या बिया छोट्या पाकिटात. कीड मारायला प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उणे २० अंशांत आठवडाभर ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर थंड नमुन्यावर पाणी जमते. पूर्वी यासाठी मर्क्युरिक क्लोराइड वापरत. जुन्या संग्रहांतले कागद म्हणूनच हातमोजे घालून हाताळावेत.

ओळख, आणि ‘नवी’ असल्याचा संशय

सुरुवात कुळापासून. पश्चिम महाराष्ट्रासाठी थिओडोर कुक यांची १९०१ ते १९०८ दरम्यान आलेली मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची अजूनही हाताशी लागते, त्यानंतर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे महाराष्ट्राचे खंड. वाळलेले फूल उकळत्या पाण्यात साबणाचा थेंब टाकून काही मिनिटे भिजवले की पाकळ्या उलगडतात. सड्यावर दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. गेंदाच्या बियांचा पृष्ठभाग पाहायला सूक्ष्मदर्शकच हवा.

मग हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, नमुन्याशी नमुना ताडून पाहा. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा पुण्यातला संग्रह, आघारकर संशोधन संस्थेचा संग्रह, मुंबईत सेंट झेवियर्समधले ब्लाटर हर्बेरियम, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ. भेटीची वेळ आधी ठरवा.

काहीच जुळत नाही म्हणून ते नवे ठरत नाही. आधी या शंका फेडा: ओळखच चुकली का, कमी पावसाने रोप खुजे राहिले का, संकर आहे का, बाहेरून आलेले तण आहे का, श्रीलंका किंवा आफ्रिकेतून आधीच वर्णन झालेले आहे का. शेवटी जुनी नावे. शिंदळ माकुडीचे वर्णन वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी फ्रेरिया इंडिका म्हणून केले, पुढे ती कॅरालुमा आणि बाऊसेरोसियाच्या नावांखालीही गेली. ज्याने एकच नाव शोधले, त्याला बाकीचे साहित्य दिसतच नाही.

एवढ्यावरही फरक उरला तर तो निदान दोन-तीन एकमेकांवर अवलंबून नसलेल्या लक्षणांत हवा. वीस-तीस रोपे मोजा, वेगवेगळ्या जागची, आणि सरासरी नव्हे तर लहानात लहान व मोठ्यात मोठे माप लिहा. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा मोजा. गोव्याच्या सड्यांवरचे इस्केमम जनार्थनमी हे गवत २०१७ मध्ये गोळा झाले, लक्षणे स्थिर आहेत का हे पाहण्यासाठी पुढची दोन वर्षे निरीक्षण झाले आणि २०२० मध्ये ते प्रसिद्ध झाले.

नावाचे नियम आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेत आहेत. १ जानेवारी २०१२ पासून वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत चालते. होलोटाइप म्हणजे नावाचा आधार असलेला एकच नमुना जाहीर करावा लागतो आणि तो कोणत्या हर्बेरियममध्ये ठेवला हेही लिहावे लागते. यातले एक जरी राहिले तरी नाव अवैध. वर्तमानपत्रात आधी नाव छापून आणण्याचा मोह आवरा, तिथे ते नियमानुसार प्रसिद्ध होत नाही आणि पुढे गोंधळ मात्र राहतो. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती नियुक्त भांडारसंस्थेला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. जादा नमुने दुसऱ्या हर्बेरियमला द्या, एक इमारत जळाली तरी दुसरीकडे काही उरते.

आमरी, कंदीलपुष्प यांसारख्या दुर्मिळ वनस्पतींचे अक्षांश-रेखांश जाहीर करू नका. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना जागा धूसर ठेवण्याचा पर्याय निवडा. अचूक आकडा हर्बेरियमच्या चिठ्ठीवर असू द्या.

बहुतेक वेळा प्रजाती आधीच माहीत असलेली निघते. तरी त्या तालुक्यातली तिची पहिली नोंद असू शकते, म्हणून नमुना हर्बेरियमला द्याच. पुढे कुणी ओळख बदलली तर तुमची चिठ्ठी कुणी काढत नाही. नवी चिठ्ठी नाव आणि तारखेसह तिच्या शेजारी चिकटवतात. दुसऱ्याचा नमुना तपासताना तुम्हीही तसेच करा.