गाडलेल्या लाकडावरचा वाफा: या चुका टाळा, झाल्या असतील तर असं सावरा

ओंडके रचायचे, त्यांवर फांद्या, पालापाचोळा आणि शेणखत टाकायचं, शेवटी माती चढवायची आणि त्या उंचवट्यावर भाजी घ्यायची. ही पद्धत जर्मन भाषक प्रदेशातली. 'ह्यूगेलकुल्टूर' या नावाने ती ओळखली जाते आणि ऑस्ट्रियातले शेतकरी सेप होल्झर यांच्यामुळे ती जगभरच्या बागांमध्ये पोचली. आतलं लाकूड वर्षानुवर्षं कुजत राहतं, पाणी धरून ठेवतं, माती भुसभुशीत करतं. हे सगळं खरं आहे, पण पहिल्या वर्षी यातलं फारसं काही घडत नाही.

फसलेल्या वाफ्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच समज असतो: लाकूड म्हणजे खत. सुरुवातीची एक-दोन वर्षं गाडलेलं लाकूड वाफ्याला काही देत नाही, उलट त्याच्याकडून नत्र आणि पाणी घेतं. हे गृहीत धरून वाफा बांधला तर पुढच्या अर्ध्या अडचणी येतच नाहीत.

रोपं पिवळी, वाढ खुंटलेली

सर्वात जास्त तक्रार हीच असते, म्हणून हिचं कारण नीट समजून घ्या. लाकडात नत्राच्या मानाने कर्ब (कार्बन) प्रचंड असतो, कित्येकदा 400 पटींहून जास्त. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला कर्ब-नत्राचं प्रमाण साधारण 25 ते 30 ला 1 असं लागतं. लाकडातून तेवढं नत्र मिळत नाही, म्हणून ते आजूबाजूच्या मातीतून उचलतात. तुमच्या रोपाच्या मुळांना हवं असलेलं नत्र तेच. ते कायमचं जात नाही, हे जीव मेले की हळूहळू मातीत परत येतं. पण तोवर रोप उपाशी राहतं.

ही ओढाताण लाकूड आणि माती जिथे एकमेकांना टेकतात तिथेच होते. त्यामुळे एक जाड ओंडका जेवढं नत्र अडकवतो, त्याच्या कितीतरी पट जास्त त्याच वजनाचा भुसा अडकवतो, कारण त्याचा पृष्ठभाग अफाट असतो. म्हणून सुताराकडचा भुसा किंवा बारीक ढलप्या मातीत कालवणं ही माझ्या मते या पद्धतीतली सर्वात महागात पडणारी चूक आहे. ढलप्या वापरायच्याच असतील तर आच्छादन म्हणून वरून पसरा. तिथे त्या मुळांच्या वाटेला जात नाहीत.

बांधतानाच ओंडक्यांच्या लगेच वर ताजं कापलेलं गवत, भाजीपाल्याचा कचरा, शेणखत असा नत्राचा भरपूर थर द्या आणि त्यावर किमान 20 ते 30 सेंटिमीटर चांगली माती किंवा कुजलेलं खत मिसळलेला पोयटा येऊ द्या. मुळांना सुरुवातीला लाकडापर्यंत पोचायची गरजच पडता कामा नये. हिरवा थर जाड असेल तर तो आधी तापतो, त्यामुळे रोपं लावायची घाई करू नका. हात खुपसून बघा, आत ऊब जाणवत असेल तर थांबा.

वाफा आधीच बांधून झाला असेल तर नेमकं काय कमी आहे ते असं ओळखा. खालची, जुनी पानं आधी आणि सगळीकडून सारखी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे, कारण रोप जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पालवीला पुरवतं. नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील तर ती बहुधा लोहाची कमतरता असते, तिथे आणखी शेणखत ओतून उपयोग नाही. नत्रच कमी असेल तर पेंड भिजवून पातळ केलेलं पाणी किंवा तसंच एखादं पातळ खत थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्या. पहिल्या हंगामात चवळी, घेवडा, मूग अशी द्विदल पिकं घ्या, ती मुळांवरच्या गाठींमधून आपलं बरंचसं नत्र स्वतः मिळवतात. कोबी, फ्लॉवर, मका ही खादाड पिकं पुढच्या वर्षांसाठी ठेवा.

'याला पाणी लागत नाही' यावर विसंबणं

कुजून मऊ पडलेलं लाकूड स्पंजासारखं पाणी धरतं. वाळलेला टणक ओंडका तसं काही करत नाही. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांखाली असेल तर बुरशीला तिथे काम करता येत नाही, तिला साधारण 30 टक्के आणि त्याहून जास्त ओल लागते. कोरडं लाकूड गाडलं तर वरून दिलेलं पाणी फटींतून वाट काढून खाली निघून जातं आणि ओंडका बराच काळ तसाच राहतो.

शक्य असेल तर अर्धवट कुजलेलं, बुरशी लागलेलं लाकूडच निवडा. मिळालं नाही तर ओंडके आधी चांगले भिजवा आणि प्रत्येक थर रचताना पाणी सोडा. पावसाळ्याच्या तोंडावर बांधणी केली तर बरंचसं काम पाऊस करतो. पहिलं वर्ष मात्र साध्या वाफ्याइतकंच, कधीकधी जास्तही, पाणी द्यावं लागेल. बोट किंवा काठी वीतभर आत घालून वापसा, म्हणजे मातीतली ओल, पाहा, वरच्या थरावरून अंदाज करू नका.

उतार फार उभा ठेवला तर पाणी आत मुरण्याऐवजी वाहून जातं आणि सोबत माती नेतं. माथ्यावर उथळ पन्हळ ठेवा आणि उघडी माती आच्छादनाखाली झाका. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

आतल्या पोकळ्या

सकाळी पाणी दिलं, तरी दुपारी ठरावीक जागेवरचीच रोपं माना टाकतात. असं दिसलं की तिथे लोखंडी सळई हलकेच टोचा. ती एकदम आत गेली तर खाली पोकळी आहे आणि मुळं हवेत लोंबकळत आहेत. उंदरांनाही अशा जागा आवडतात. वरून बारीक माती टाकत पाण्याने ती आत धुऊन उतरवा, जागा भरेपर्यंत. बांधतानाच दोन ओंडक्यांमधल्या फटी माती आणि पाल्याने ठासून भरल्या तर ही वेळ येत नाही.

कोणतंही लाकूड चालतं?

नाही. रंगवलेलं, प्लायवूड, रासायनिक प्रक्रिया केलेलं लाकूड आणि जुने रेल्वे स्लीपर अजिबात नकोत. टिकाऊपणासाठी लाकडात तांबं, क्रोमियम, आर्सेनिक किंवा क्रिओसोट भरलेलं असू शकतं आणि तुम्ही त्यावर खायची भाजी लावणार आहात. काळ्या अक्रोडात जुग्लोन असतं, ते टोमॅटोसारख्या पिकांना मारक ठरतं. निलगिरीच्या ताज्या पाल्यानेही इतर रोपांची वाढ दबते. साग आणि देवदार विषारी नाहीत, पण ती कुजण्याला दाद देत नाहीत, मग गाडून मिळवायचं काय? आंबा, सावर, उंबर अशी मऊ, लवकर कुजणारी लाकडं बरी.

शेवगा, पांगारा, गिरिपुष्प, विलो यांच्या ताज्या फांद्या मात्र फुटतात. वाफ्यातून अनोळखी कोंब वर येऊ लागले तर ते तण नसून तुमचं लाकूडच असेल. या फांद्या पूर्ण वाळवून मगच वापरा.

भारी जमिनीत खड्डा

चिकणमातीत खोल खड्डा खणून ओंडके पुरले की तिथे पाणी साचतं, हवा संपते आणि कुजण्याचं काम अडतं. सडक्या अंड्यांसारखा वास येणं ही त्याची खूण. अशा जमिनीत खड्डा नकोच, वाफा जमिनीवरच उभारा. आधीच खणला असेल तर खालच्या बाजूने चर काढून पाण्याला वाट द्या.

उतारावर बांध म्हणून वापरणं

ही चूक कमी जण करतात, पण हिच्यात धोका सर्वात जास्त आहे. डोंगरउतारावर समतल रेषेत असा वाफा घालून त्याच्यामागे पाणी अडवायचं, ही कल्पना ऐकायला छान वाटते. पण लाकूड तरंगतं. मोठ्या पावसात मागे पाणी तुंबलं की ओंडके उचलले जाऊ शकतात, कुजलेल्या भागातून पाणी आरपार वाट काढू शकतं आणि सगळा ढीग खाली घसरतो. पाणी अडवायला मातीचा दाबून पक्का केलेला बांध लागतो, त्यात लाकडाचा तुकडाही नको. उताराखाली घर किंवा रस्ता असेल तर हा विचार सोडूनच द्या.

छत्र्या, वाळवी आणि खचणं

पावसाळ्यात वाफ्यावर अळंब्या उगवल्या, मातीत पांढरे धागे दिसले, तर लाकूड कुजायला लागलं आहे. बुरशीनाशक फवारू नका, आणि ओळख पक्की नसलेली अळंबी खाऊही नका. वाळवीही मेलेल्या लाकडावर येणारच, बहुतेक वेळा तिचं लक्ष लाकडावरच असतं. कीटकनाशक ओतण्यापेक्षा वाफाच घराच्या भिंती आणि लाकडी कुंपणापासून चांगला लांब ठेवा. कोवळ्या कलमांच्या आसपास मात्र तिच्यावर नजर असू द्या.

वाफा खचतो, आणि चांगलाच खचतो. दरवर्षी खत आणि माती वरून भरत राहा. पण याच कारणाने माथ्यावर फळझाड लावणं चुकीचं आहे. खालचा आधार बसत गेला की झाड कलतं, मुळं उघडी पडतात आणि भर घालायला गेलात तर खोडाचा बुंधा मातीत गाडला जाऊन सडतो. फळझाड हवंच असेल तर ते वाफ्याच्या पायथ्याशी, पक्क्या जमिनीत लावा. त्याची मुळं हव्या त्या वेळी आपणहून ओल्या लाकडाकडे वळतील.