पाठीवर पॅच लावण्याआधीची तयारी

सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) असलेल्या मुलाला स्पायनल स्टिम्युलेशनसाठी, म्हणजे त्वचेवर पॅच लावून पाठीच्या कण्याला सौम्य वीज देण्याच्या उपचारासाठी न्यायचं असेल, तर आधी कागद तपासा. हा उपचार अजून अभ्यासाच्याच टप्प्यावर आहे. ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये २०२२ साली आलेल्या अभ्यासात १६ मुलं होती, ८ आठवडे, आठवड्यातून दोनदा. व्यायामाच्या जोडीने पॅच लावले तेव्हा हालचालींच्या चाचणीतले गुण वाढले, मात्र तुलनेला दुसरा गट नव्हता. त्यामुळे कुणी ‘हमखास चालेल’ म्हणत पॅकेज पुढे केलं, तर सरळ उठा. संशोधन असेल तर सीटीआरआयवरची (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतली) नोंद आणि एथिक्स कमिटीची मंजुरी मागा. संशोधनाचा खर्च पालकांकडून घ्यायचा नसतो. सात वर्षांपुढच्या मुलाचा होकारही लागतो, तेव्हा त्याला समजेल असं आधी घरीच सांगून ठेवा: पाठीला मुंग्या आल्यासारखं वाटेल, सुई टोचणार नाही, नको वाटलं तर सांगायचं. बोलता येत नसेल तर ‘थांबा’ची खूण ठरवा आणि ती थेरपिस्टलाही दाखवा.

फाइलमध्ये खुब्याचा अलीकडचा एक्स-रे, ऑपरेशनचे कागद, बोटॉक्सची (स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनची) शेवटची तारीख, आकडी आल्याच्या तारखा. शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी काढणारी नळी), बॅक्लोफेन या ताठरपणा कमी करणाऱ्या औषधाचा शरीरात बसवलेला पंप, मणक्यातले स्क्रू, कानातलं इम्प्लांट, जे असेल ते विचारायच्या आधी सांगा. बॅक्लोफेनची गोळी मात्र मनाने बंद करू नका, एकदम थांबवली तर महागात पडते.

सुरुवातीलाच चालण्याचा व्हिडिओ हवाच, नाहीतर दोन महिन्यांनी ‘फरक वाटतो’ यापुढे कुणालाच काही सांगता येत नाही. दर वेळी चालायचा पॅसेज तोच, मोबाइल मुलाच्या कमरेच्या उंचीवर, एकदा समोरून, एकदा बाजूने, स्प्लिंट घालून आणि काढून. पाय दिसावेत म्हणून हाफ पँट. आजीला मागून ‘चल रे राजा’ म्हणू देऊ नका, मूल वळून बघतं आणि सगळी चाल बिघडते.

सेशनच्या दिवशी तेलमालिश नाही. सवयीने हात तेलाच्या बाटलीकडे जातोच, पण तेलकट पाठीवर पॅच चिकटत नाही. पावडर, क्रीमही नको. बऱ्याच अभ्यासांत दोन पॅच कण्यावर आणि दोन पुढे कमरेच्या हाडांवर लावतात, म्हणून फ्रॉकपेक्षा शर्ट-पँट सोयीची. झोप पुरी, पोट भरलेलं पण तुडुंब नाही, बूट-स्प्लिंट पिशवीत. पॅच काढल्यावर पाठ बघा. लाली दुसऱ्या दिवशीही दिसली तर फोटो काढून पुढच्या सेशनआधी थेरपिस्टला पाठवा.