चावी शेजाऱ्याकडे, बाईक पडवीत, पेट्या दलालाकडे: वस्तू सांभाळायला देताना या चुका टाळा

गणपती आटोपले की चाकरमानी मुंबईला निघतात आणि निघताना गावात काय काय ठेवून जातात ते बघा, बाईक शेजाऱ्याच्या पडवीत, ग्रास कटर चुलत्याच्या माळ्यावर, पंप दुरुस्तीला बाजारात, आणि कुणाची तर गाय पण. वस्तू तुमची, ताबा काही दिवस दुसऱ्याचा, काम झालं की परत. कायद्यात याला निक्षेप म्हणतात, कोर्टात बेलमेंट हाच शब्द जास्त चालतो, आणि 1872 च्या भारतीय करार कायद्यात कलम 148 पासून 181 पर्यंत याचेच नियम आहेत. स्टॅम्प पेपर नसला, सांभाळणाऱ्याने एक रुपया घेतला नसला तरी हे नियम लागू होतात. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि मग वाडीत दोन घरं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, ते बघून खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वस्तू कशासाठी दिली आणि कधीपर्यंत दिली हेच न बोलणं. "असूदे तुझ्याकडे" म्हणायचं आणि एसटी पकडायची. आता बाईक पडवीत ठेवली ती नुसती सांभाळायला की अधूनमधून चालवायला? शेजाऱ्याचा मुलगा ती घेऊन बाजारात गेला आणि वळणावर घसरला तर? कलम 154 सांगतं की ठरल्यापेक्षा वेगळा वापर केला तर त्या वापरात झालेलं नुकसान भरून द्यायचं, मग चालवणारा कितीही जपून चालवत असो. कायद्यातलं उदाहरण घोड्याचं आहे, घोडा फक्त एकट्याने बसायला उसना घेतला, घरातल्या दुसऱ्याला दिला, तो नीटच चालवत होता तरी घोडा पडून जखमी झाला, तर भरपाई उसना घेणाऱ्याने द्यायची. पण तुम्ही "चालव रे मधून मधून, बॅटरी उतरते" असं बोलून गेला असाल तर गोष्टच वेगळी, म्हणून काय बोललात ते लिहून ठेवा. व्हॉट्सॲप पुरतो: "काका, बाईक आज तुमच्या पडवीत ठेवली, पुढचं इंडिकेटर आधीच फुटलेलं आहे, आठवड्याला एकदा फक्त स्टार्ट करा, रस्त्यावर नेऊ नका, शिमग्याला आलो की घेऊन जाईन." सोबत चारी बाजूंचे फोटो आणि मीटरचा फोटो. समोरून "बरं" आलं तरी झालं.

तारखेचं तर फारच महत्त्व आहे. चिपळूणला 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत भरलं, तशा वेळी दुकानात दुरुस्तीला दिलेला टीव्ही बुडाला तर कोणी भरायचं? साधा नियम असा की सांभाळणाऱ्याने साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तसल्याच वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली असेल तर तो जबाबदार नाही (कलम 151 आणि 152), आणि ही काळजी फुकट सांभाळणाऱ्यालाही तेवढीच लागू आहे. म्हणजे पाणी चढताना स्वतःचा माल वर चढवला आणि तुमचा खाली राहू दिला तर तो सुटणार नाही. पण समजा त्याने 15 तारखेला देतो म्हणून कबूल केलं होतं आणि त्याच्याच चुकीने दिला नाही, तर कलम 161 प्रमाणे तिथून पुढचं सगळं नुकसान त्याच्यावर, पुराचं पण. उलट टीव्ही तयार होता, फोन केला होता आणि तुम्हीच गेला नाहीत तर हे कलम तुमच्या कामाचं नाही. म्हणून पावतीवर तारीख टाकून घ्याच.

दुसरी चूक ताब्याची. दागिन्यांची पेटी मावशीकडे ठेवायची आणि चावी आपल्या पर्समध्ये. मद्रास हायकोर्टात 1938 साली असंच प्रकरण गेलं होतं, एका बाईंनी सोनाराकडे दागिने करायला दिले होते, रोज संध्याकाळी अर्धवट दागिने त्याच्याच खोलीतल्या पेटीत ठेवून चावी स्वतः नेत होत्या, चोरी झाली आणि कोर्ट म्हणालं की ताबा तुम्ही सोडलाच नव्हता, सोनार जबाबदार नाही. द्यायचं तर पुरतं द्या, यादी करून द्या. रोख पैसे मात्र वेगळे, त्याच नोटा परत मिळणार नसतील तर ते उसने पैसे झाले, हे नियम तिथे लागत नाहीत.

आंबेवाल्यांनी तर हे नीट वाचा. आंब्याची पेटी वाशीच्या बाजारात दलालाकडे गेली तरी विकली जाईपर्यंत माल तुमचा असतो. पेटीवर नुसतं "देवगड" छापून उपयोग नाही, बागेचं नाव, नग आणि गाडीत चढवल्याची तारीख प्रत्येक पेटीवर पाहिजे आणि त्याचा फोटो तुमच्याकडे पाहिजे. न विचारता तुमचा माल दुसऱ्याच्या मालात मिसळला आणि वेगळा करता येत असेल तर निवडायचा खर्च मिसळणाऱ्याचा, वेगळा करताच येत नसेल तर मालाची भरपाई द्यायची (कलम 156, 157). कायद्यात यासाठी 45 रुपये पिंपाचं केपचं (दक्षिण आफ्रिकेतलं) पीठ 25 रुपये पिंपाच्या गावठी पिठात मिसळल्याचं उदाहरण आहे. हापूसमध्ये कर्नाटकचा आंबा घातला जातो तेव्हा हेच होतं, पण खूण नसेल तर सिद्ध काय करणार?

गॅरेजवाला मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवतो तेव्हा आपण चिडतो, पण कलम 170 ने तो हक्क त्याला आहे. फक्त त्याच कामाच्या पैशापुरता. मागची उधारी काढून अडवता येत नाही, या कामाचे पैसे नंतर घेतो असं गॅरेजवाल्यानेच कबूल केलं असेल तरी अडवता येत नाही, आणि नुसती पडवीत जागा दिली तर हा हक्क मुळीच नाही. "मालक आपल्या जबाबदारीवर" हा बोर्ड बघून गप्प बसू नका. दिल्लीतल्या एका हॉटेलात व्हॅले पार्किंगला (म्हणजे हॉटेलच्या माणसाकडे चावी देऊन लावायला) दिलेली मारुती झेन 1998 मध्ये चोरीला गेली, त्यात सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये सांगितलं की असा मजकूर दाखवून निष्काळजीपणातून सुटता येत नाही.

देणारे पण चुकतात बरं का. ब्रेक लागत नाही हे माहीत असून सांगितलं नाही तर नुकसान तुमच्या अंगावर. मालवणात वगैरे स्कूटर भाड्याने देणाऱ्यांना तर दोष माहीत नव्हता म्हणूनही सुटता येत नाही (कलम 150). आणि काका काहीच घेत नसतील तर गायीच्या चाऱ्याचा खर्च देणं हे कायद्याने तुमच्यावर आहे, कलम 158. वासरू झालं तर ते मात्र तुमचंच.

फुकट सांभाळायला दिलेल्या वस्तूचा करार दोघांपैकी एक जण वारला की संपतो. वयस्कर माणसाकडे काही ठेवलं असेल तर घरातल्या अजून एकाला माहीत असू द्या, नाहीतर वारस म्हणणार हे तर आमच्या आजोबांचंच.

"आपलोच तो, कागद कित्याक होयो?" (आपलाच तो, कागद कशाला हवा?) हे ऐकून ऐकून बरेच जण परत मागायलाच लाजतात आणि वर्षं जातात. तोंडी मागून दिलं नाही तर लेखी मागा, स्पीड पोस्टाने, कारण सांभाळायला दिलेली वस्तू परत मिळवायच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत मागणी नाकारल्यापासून मोजतात. पैसे देऊन सेवा घेतली असेल तर ग्राहक आयोगात जाता येतं, तिथे मुदत दोन वर्षं. आणि वस्तू बेइमानीने विकूनच टाकली असेल तर तो फौजदारी विश्वासघात, भारतीय न्याय संहितेचं कलम 316, त्यासाठी थेट पोलीस स्टेशनला तक्रार द्या आणि तो व्हॉट्सॲपचा मेसेज प्रिंट काढून सोबत न्या.