सिबिल रिपोर्ट: या चुका टाळा, आणि नुसता स्कोअर बघून ॲप बंद करू नका

लोन रिजेक्ट झालं की लोक मला सिबिल रिपोर्ट, म्हणजे आपण कर्जं कशी फेडली याच्या नोंदी, पाठवतात, म्हणजे काय तर ॲपमधल्या स्कोअरच्या त्या रंगीत काट्याचा स्क्रीनशॉट. अहो, तो रिपोर्ट नाही. ३०० ते ९०० मधला तो आकडा आतल्या नोंदींवरून काढलेला असतो, आणि गडबड असते ती नोंदींमध्ये. म्हणून आधी पूर्ण रिपोर्टची पीडीएफ काढा. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचं लायसन्स आहे आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचाच असा नियम आहे. थेट त्यांच्याच वेबसाइटवरून घ्या, फुकट स्कोअर दाखवणारी बाकीची ॲप्स नंतर लोनच्या मेसेजेसनी जीव खातात. चौघींचा स्कोअर थोडा वेगवेगळा येतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, हे शंभरदा सांगून झालंय तरी लोक या भीतीने वर्षानुवर्षं बघतच नाहीत.

आता माझा सगळ्यात नावडता विषय, सेटलमेंट. माझ्या मामेभावाची नोकरी गेली तेव्हा क्रेडिट कार्डाचं बिल थकलं, वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले, आणि एक दिवस त्यातला एक जण गोड आवाजात म्हणाला, "दादा, निम्मे भरा, विषय मिटवून टाकू." याने उसने आणून भरले, सेटलमेंटचं पत्र आलं, घरात सगळे खूश. पुढे काही वर्षांनी चांगली नोकरी, लग्न, फ्लॅट पसंत करून टोकनही दिलं आणि होम लोनची फाइल परत आली. रिपोर्ट उघडला तर त्या जुन्या कार्डासमोर 'सेटल्ड'. पुढच्या बँकेला त्यातून एवढंच कळतं की या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत, उरलेले आधीच्या बँकेने सोडून दिले. मग त्याने जुन्या बँकेकडून उरलेली रक्कम लेखी मागवली, ती भरली, नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र, घेतलं, आणि पाठपुरावा करून करून नोंद 'क्लोज्ड' झाली. तोपर्यंत तो फ्लॅट दुसऱ्याने घेतला होता. वहिनीने पडद्यांची मापंसुद्धा घेऊन ठेवली होती.

खरंच हातात पैसे नसतील तर सेटलमेंटशिवाय मार्ग राहत नाही, ते मी समजू शकते. पण आधी बँकेला हप्ते बांधून मागा, आणि 'मिटलं' आणि 'पूर्ण फिटलं' यातला फरक कळल्यावरच सही करा. पैसे एजंटच्या हातात रोख तर कधीच देऊ नका, थेट खात्यात भरा.

दुसरी गोष्ट, ते महिन्यांचे चौकोन. प्रत्येक लोनखाली महिनावार आकड्यांची एक पट्टी असते आणि लोक ती सरळ स्क्रोल करून पुढे जातात, खरा रिपोर्ट तिथेच आहे. ००० म्हणजे काही थकलेलं नाही. ०३० म्हणजे हप्ता तीस दिवस मागे. एक्सएक्सएक्स म्हणजे त्या महिन्याची माहितीच बँकेने पाठवलेली नाही, तो तुमचा डाग नव्हे. मी रिपोर्ट प्रिंट काढून पेन्सिल घेऊन बसते आणि जिथे शून्य सोडून काही दिसेल तिथे त्या महिन्याचं बँक स्टेटमेंट काढून बघते. बहुतेक वेळा सापडतं ते असं, की पगाराचं खातं बदललं आणि ऑटो डेबिट जुन्याच खात्यावर राहिलं. मोबाइलच्या छोट्या ईएमआयचा आणि 'नंतर पैसे द्या'वाल्या ॲप्सचा हप्तासुद्धा इथे लोन म्हणून दिसू शकतो, बाराशे रुपयांचं काय एवढं म्हणू नका.

बाकीच्या चुका भराभर सांगते.

एकाच आठवड्यात पाच बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशी रिपोर्टमध्ये दिसते आणि माणूस पैशासाठी वणवण करतोय असं वाटतं. एजंटला कागद देताना कुठल्या बँकेत फाइल टाकणार हे आधी विचारा.

क्रेडिट कार्डाचं मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरलं की उशिराची नोंद होत नाही हे खरं, पण व्याज चढत राहतं आणि मोठी बाकी रिपोर्टमध्ये दिसत राहते.

मित्राला जामीन राहिलात तर त्याचं लोन तुमच्या रिपोर्टमध्ये येतं. भिडेखातर सही करण्याआधी हे लक्षात ठेवा.

कार्ड नुसतं कापून फेकल्याने बंद होत नाही. बाकी शून्य करा, बंद केल्याचं लेखी घ्या.

नाव, पॅन, जन्मतारीख, मोबाइल नंबर हे पहिलं पान नीट वाचा. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचं लोन तुमच्या नावावर चिकटलेलं मी स्वतः बघितलंय.

आणि 'पंधरा दिवसांत स्कोअर वाढवून देतो' म्हणणारे. यांचा मला मनापासून राग येतो, कारण यांच्याकडे जातात ते आधीच अडचणीत असलेले लोक. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला एक रुपया लागत नाही. रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर, म्हणजे त्या रिपोर्टचा ओळख क्रमांक, घ्या, त्या कंपनीच्या साइटवर डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाका, आणि त्याच दिवशी बँकेलाही पुराव्यासकट मेल करा, कारण बँकेने होकार दिल्याशिवाय सिबिल स्वतःहून आकडा बदलत नाही. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, २०२४ पासून हा नियम लागू आहे. तरी दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. दुरुस्ती झाल्याचा मेल आला तरी नवा रिपोर्ट काढून ती ओळ स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि चारही कंपन्यांकडे बघा, कारण एकीकडे सुधारलेली चूक दुसरीकडे तशीच बसलेली असू शकते. हे सगळं घर शोधायला लागायच्या निदान सहा महिने आधी करा, टोकन दिल्यावर नाही.