गावच्या शाळेची युडायस माहिती कशी वाचावी आणि वेळेत कशी दुरुस्त करून घ्यावी

३० सप्टेंबरला शाळेच्या पटावर जितकी मुलं असतात, त्यावर पुढे गावात किती शिक्षक राहणार हे ठरतं. शाळेला वर्षाचं अनुदान किती मिळेल, पुस्तकांचे संच किती येतील, नव्या खोलीचा प्रस्ताव सरकेल की पडून राहील, हेही बऱ्याच अंशी त्याच सुमारास युडायसमध्ये, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या सरकारी नोंदीत, भरलेल्या माहितीवर चालतं. ही माहिती आपल्याच शाळेतले गुरुजी किंवा मॅडम भरतात, बहुतेकदा स्वतःच्या मोबाईलवर, रेंज सापडेल त्या कोपऱ्यात उभं राहून. गावाला तिचा पत्ता नसतो. एक शिक्षक कमी झाला की मग सरपंचापासून सगळे पंचायत समितीत धडकतात, शाळेला कुलूप ठोकायची भाषा होते. तोवर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं मंजूर ते ठरवणं, होऊन गेलेली असते.

म्हणून हे काम पावसाळ्यातच करायचं. विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटाकडे उघडतात. जुलै पेरणी-डवरणीत जातो. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ यासाठी सगळ्यात बरा.

आधी एवढं माहीत असू द्या

देशभरातल्या शाळांची माहिती एका साच्यात गोळा करायची सुरुवात १९९०च्या दशकाच्या मध्यात, जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या काळात झाली. तेव्हा तिचं नाव डाएस होतं. २०१२-१३ पासून प्राथमिक आणि माध्यमिकची माहिती एकत्र होऊन युडायस आलं, २०१८-१९ पासून ऑनलाइन युडायस प्लस. खरा मोठा बदल २०२२-२३ चा. तोवर शाळा फक्त बेरजा कळवत होती: पहिलीत मुलं इतकी, मुली इतक्या. त्या वर्षापासून प्रत्येक मुलाची वेगळी नोंद सुरू झाली. आदल्या वर्षी देशात साडेसव्वीस कोटींच्या आसपास दिसणारे विद्यार्थी त्या वर्षी पंचवीस कोटींच्या थोडे वर दिसले. मोजायची पद्धतच बदलल्यामुळे या दोन आकड्यांची थेट तुलना करू नये, असं केंद्रीय शिक्षण मंत्रालय स्वतः सांगतं. पेपरात 'विद्यार्थी घटले' असा मथळा दिसला तर हे आठवा.

माहितीचा प्रवास असा: शाळा, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग, मुंबईची महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद आणि मग दिल्ली. गट, जिल्हा, राज्य अशा प्रत्येक टप्प्यावर ती प्रमाणित होते. जितकी वर जाईल तितकी ती खाली आणून दुरुस्त करणं कठीण.

पहिलं काम: शाळेचा नंबर आणि रिपोर्ट कार्ड

प्रत्येक शाळेला अकरा आकडी युडायस क्रमांक असतो. शाळेच्या फलकावर, नाहीतर मुलाच्या प्रगतिपत्रकावर किंवा दाखल्यावर सापडेल. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढचे दोन जिल्ह्याचे: बुलढाणा ०४, अकोला ०५, वाशिम ०६, अमरावती ०७, वर्धा ०८, नागपूर ०९, भंडारा १०, गोंदिया ११, गडचिरोली १२, चंद्रपूर १३, यवतमाळ १४. त्यानंतर दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे.

युडायस प्लसच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्कूल' नावाचा भाग आहे. तिथे हा क्रमांक टाकला की शाळेचं रिपोर्ट कार्ड उघडतं. त्यासाठी पासवर्ड लागत नाही. मुलांची नावं त्यात नसतात, फक्त संख्या असतात. गावातल्या सेवा केंद्रातून त्याची प्रिंट काढा. लक्षात ठेवा, ही गेल्या वर्षाची माहिती आहे. यंदाची अजून भरायची आहे किंवा भरली जात आहे, आणि तीच आपल्याला पकडायची आहे.

दुसरं काम: कागद हातात धरून शाळेभोवती फिरा

शाळा व्यवस्थापन समितीचे दोन-तीन जण, त्यात एखादी आई नक्की, असे मिळून जा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. त्यामुळे कोण तुम्ही विचारणारे, असं कोणी म्हणू शकत नाही.

स्वच्छतागृहापासून सुरू करा, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच असतो. साच्यात एकूण किती, त्यातली वापरण्याजोगी किती आणि पाण्याची सोय असलेली किती, असे वेगवेगळे रकाने आहेत. गेल्या वर्षीचाच आकडा पुढे ढकलला की तिन्ही रकान्यांत 'दोन' पडतं. प्रत्यक्षात मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार मोडलेलं, टाकीत पाणी नाही, एकात जुने बेंच भरलेले. कागदावर शाळेला सगळं आहे म्हटल्यावर वरचा माणूस दुरुस्तीचे पैसे कशाला देईल?

पाण्याचंही तसंच. हातपंप 'आहे', पण सुरू आहे का? विजेच्या रकान्यात 'आहे' आणि 'नाही' सोबत 'आहे पण चालू नाही' असाही पर्याय मिळतो. बिल थकून मीटर कापलेल्या शाळेने तिसरा पर्याय निवडायला हवा. वर्गखोल्यांमध्ये चांगली, किरकोळ दुरुस्तीची आणि मोठ्या दुरुस्तीची अशी विभागणी असते. पावसाळ्यात फिरायचा फायदा इथे होतो. कोणती खोली गळते हे उन्हाळ्यात कळत नाही, ऑगस्टच्या झडीत आपोआप कळतं. कुंपणाच्या बाबतीत पक्की भिंत, पक्की पण तुटलेली, काटेरी तार असे पर्याय आहेत. शाळेपर्यंत बारमाही रस्ता आहे का, हाही प्रश्न आहे. काळ्या मातीच्या पांदणीतून पोरं गुडघाभर चिखलात जात असतील तर त्याचं उत्तर 'नाही', मग नकाशावर तो रस्ता कितीही सरळ दिसो.

रॅम्प, ग्रंथालयातली पुस्तकं, चालू संगणक हे झटपट मोजून टाका.

तिसरं काम: पट

इथे वेळ द्या. आकड्याला किंमत आहे आणि ती रुपयांत सांगता येते. समग्र शिक्षा अभियानातून सरकारी शाळेला मिळणारं संयुक्त शाळा अनुदान ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५,०००, १०१ ते २५० पर्यंत ५०,००० असं बांधलेलं आहे. म्हणजे पट ३० ऐवजी ३१ झाला की पंधरा हजारांचा फरक. शिक्षकांचंही तेच. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० ला तीन. राज्यात कोणत्या आकड्याला पद मंजूर होतं किंवा जातं, ते १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयात आहे. केंद्रप्रमुखांकडून त्याची प्रत मागून वाचा.

आता मुलं यादीतून कशी निसटतात ते पाहा. मुलगी मामाच्या गावाहून परत आली, आपल्या शाळेत बसते, हजेरीही लागते. पण आधीच्या शाळेने तिला ऑनलाइन सोडलेलंच नाही. सोडलेली मुलं प्रणालीत 'ड्रॉप बॉक्स' नावाच्या यादीत जातात आणि तिथून नवी शाळा त्यांना आपल्याकडे घेते. आधीच्या शाळेने बटण दाबलं नाही तर पोर इथे आणि नाव तिथे. यावर उपाय फोनचा: दोन्ही मुख्याध्यापकांचं बोलणं करून द्या, नाही जमलं तर पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात जा.

दुसरी गळती आधारची. संचमान्यतेसाठी आधार जुळलेली मुलं धरली जातात. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात नाव एक, आधारवर दुसरं, जन्मतारीख तिसरीच, असं निम्म्या गावात आढळेल. वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी आधारचे बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, हेही राहून जातं. ज्यांचं जुळत नाही त्यांची यादी गुरुजींकडून घ्या आणि त्या घरांना आठवडी बाजाराच्या दिवशी आधार केंद्रावर पाठवा. तसेही ते तालुक्याला जातातच.

मुलाच्या वैयक्तिक माहितीत मातृभाषेचा रकाना आहे. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या लेकरापुढे घाईत 'मराठी' टाकू देऊ नका. अपंगत्वाचा रकानाही तितकाच महत्त्वाचा. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मान्य केले आहेत. नीट न दिसणाऱ्या मुलाची नोंदच नसेल तर त्याच्या नावाने चष्मा की मोठ्या अक्षरांचं पुस्तक, काहीच मागवलं जाणार नाही. 'अपार' या विद्यार्थ्याच्या देशभर चालणाऱ्या ओळख क्रमांकासाठी मात्र पालकाची संमती लागते. फॉर्म वाचून मगच सही करा.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. पट वाचवायला शेजारच्या गावची चार नावं घुसवू, असं कोणी सुचवेलच. करू नका. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावून मोजावं लागलं होतं. सगळ्याच शाळांवर तो संशय कुणामुळे आला, हे गावाने विसरू नये.

चौथं काम: गुरुजींशी बोलणं आणि ठराव

आरोपाच्या सुरात गेलात की संपलं. दोन शिक्षकी शाळेत एकजण चार वर्ग सांभाळतो आणि दुसरा ऑनलाइन माहिती भरतो. पोषण आहाराची रोजची नोंद वेगळी, सरल या राज्याच्या ऑनलाइन नोंदीची वेगळी. 'सर, आम्ही आधार जुळवायचं काम घेतो, तुम्ही फक्त यादी द्या' असं म्हणून पाहा. कागद आपोआप बाहेर येतात, राजेहो.

मग समितीची बैठक घेऊन फिरताना टिपलेलं सगळं इतिवृत्तात लिहा: रकाना, कागदावरची नोंद, प्रत्यक्ष स्थिती. शाळा विकास आराखडा तयार करणं हे कायद्याने समितीचंच काम आहे, तेव्हा हाच मजकूर त्यात जाऊ द्या. ठरावाची एक प्रत केंद्रप्रमुखांना, एक ग्रामपंचायतीला. पोच घ्यायला विसरू नका.

जी मुलं ३० सप्टेंबरनंतर जातात

या तारखेचा एक दोष विदर्भाला जास्त बोचतो. स्थलांतर दिवाळीनंतर होतं. वीटभट्टी, ऊसतोड, तेलंगणातली मिरची तोडणी यांसाठी कुटुंबं निघतात तेव्हा मोजणी आटोपलेली असते. पट पूर्ण, वर्ग अर्धा. समितीने ऑक्टोबरमध्येच जाणाऱ्या घरांची यादी करावी, हंगामी वसतिगृहाची मागणी लावावी आणि सोबत जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळेल असं बघावं. त्या कार्डावर मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसू शकतं आणि परत आल्यावर त्याचं नाव जागेवरच असतं.

दुरुस्ती झाली नाही तर

माहिती प्रमाणित झाल्यानंतर शाळेला ती स्वतः बदलता येत नाही, गट किंवा जिल्हा पातळीवरून उघडून घ्यावी लागते. ठरावाची पोच जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी द्या. उत्तर नाही आलं तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागातल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही लागत नाही, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात 'शाळेची सर्व माहिती द्या' असं मोघम लिहू नका. शाळेचा युडायस क्रमांक, वर्ष, आणि 'वर्गखोल्यांची स्थिती, वापरण्याजोगी स्वच्छतागृहं, आधार जुळलेली व न जुळलेली विद्यार्थीसंख्या या रकान्यांतील प्रमाणित नोंदींची प्रत' एवढंच मागा.