अमेरिकी कॉलेजची स्पोर्ट्स स्कॉलरशिप: सही करण्याआधी कॉन्फरन्स आणि पैसा कसा तपासाल

टेनिस, पोहणे, गोल्फ किंवा ॲथलेटिक्समध्ये राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या मुलामुलींना अमेरिकी विद्यापीठांकडून ऑफर येतात. पुण्याची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनियाकडून खेळताना २००७ आणि २००८ मध्ये एनसीएए या कॉलेज-खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचे एकेरी विजेतेपद मिळवले. वाट चांगलीच आहे, पण त्यांच्या वेळचा हिशेब आता उरलेला नाही. मोठ्या विद्यापीठात टेनिसचा संघ तिकीटविक्रीवर चालत नाही. त्याचा खर्च मुख्यतः अमेरिकी फुटबॉलच्या टीव्ही-करारांतून निघतो, आणि हे करारच कॉन्फरन्स (आपापसांत सामने खेळणारे विद्यापीठांचे गट) मोडत-जोडत आहेत.

आधी पाहा की विद्यापीठ कोणत्या कॉन्फरन्समध्ये आहे आणि कधीपासून. २०२४ मध्ये यूसीएलए, यूएससी, ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले. टेक्सास आणि ओक्लाहोमा एसईसीत गेले. स्टॅनफर्ड आणि कॅल (कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली) यांनी तर अटलांटिक किनाऱ्यावरची एसीसी धरली. जुन्या पॅक-१२ मध्ये ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच विद्यापीठे मागे राहिली होती. यूसीएलएच्या लॉस एंजेलिसहून बिग टेनमधल्याच न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठापर्यंतचे अंतर सुमारे ४ हजार किलोमीटर आहे, म्हणजे मुंबई-गुवाहाटी हवाई अंतराच्या जवळपास दुप्पट, आणि घड्याळात ३ तासांचा फरक. गेल्या हंगामाचे वेळापत्रक संघाच्या वेबसाइटवर असते. ते उघडा आणि परगावच्या सामन्यांमुळे आठवड्याच्या मधले किती दिवस वर्ग बुडले असतील ते मोजा. इंजिनीअरिंगच्या प्रयोगशाळेचे तास असे बुडू लागले की मुलांना विषय बदलावा लागतो.

कॉन्फरन्सचे नाव मोठे म्हणून विद्यापीठाला पूर्ण वाटा मिळतो, असे समजू नका. स्टॅनफर्ड आणि कॅल यांनी पहिली ७ वर्षे एसीसीच्या टीव्ही-पैशाचा सुमारे ३० टक्केच वाटा घेण्याचे मान्य केले. डॅलसच्या एसएमयूने तर ९ वर्षे काहीच न घेण्याचे ठरवले. नवा सदस्य असेल तर वाट्याची बातमी जरूर शोधा.

दुसरा प्रश्न कोचला ईमेलवर विचारा: विद्यापीठाने हाउस खटल्याचा (खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध भरलेल्या खटल्याचा) समझोता स्वीकारला आहे का? जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्यता दिलेल्या या समझोत्यामुळे विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. २०२५-२६ साठी याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. त्यातला बहुतांश वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो. टेनिससारख्या खेळांना उरते थोडे, आणि कपातीची कुऱ्हाडही त्यांच्यावरच पडते. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठाने मार्च २०२५ मध्ये पोहण्याचे दोन्ही (पुरुष आणि महिला) संघ बंद केले आणि कारणांत याच समझोत्याचा बोजा सांगितला.

समझोता स्वीकारलेल्या विद्यापीठांत स्कॉलरशिपच्या संख्येची जुनी मर्यादा गेली आणि संघाच्या आकाराची मर्यादा आली. टेनिसला १०, गोल्फला ९. पूर्वी पुरुषांच्या टेनिसला ४.५ पूर्ण स्कॉलरशिप होत्या. त्या ९ मुलांत वाटल्या तर प्रत्येकाला निम्मीच मिळे. आता दहाही जणांना पूर्ण देण्याची मुभा आहे. मुभा आहे म्हणजे पैसा आहे असे मात्र नाही, आणि इथेच बहुतेक पालक फसतात. म्हणून विचारा: ‘१० जागांपैकी किती जागांना यंदा प्रत्यक्ष पैसा आहे?’ आणि ‘५० टक्के’ म्हटले तर कशाचे ५० टक्के? फक्त ट्यूशनचे (म्हणजे शिक्षणशुल्काचे), की राहणे-जेवण-पुस्तकांसह एकूण खर्चाचे?

बजेट स्वतः पाहता येते. अमेरिकी शिक्षण खात्याच्या ‘इक्विटी इन ॲथलेटिक्स’ या साइटवर प्रत्येक विद्यापीठाचा खेळनिहाय खर्च मिळतो. तुमच्या खेळाची ४-५ वर्षांची आकडेवारी ओळीने लिहून काढा. सरकारी विद्यापीठ असेल तर कॉलेज-खेळांच्या आर्थिक आकडेवारीच्या नाइट-न्यूहाउस डेटाबेसमध्ये उत्पन्नाची फोडही दिसते. क्रीडा विभागाच्या उत्पन्नातला मोठा हिस्सा विद्यार्थी-शुल्क आणि विद्यापीठाच्या अनुदानातून येत असेल, तर पैसा आटल्यावर छोट्या खेळांवर गदा लवकर येते.

तोंडी ऑफरवर विसंबू नका. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (अमुक विद्यापीठातच येईन असे खेळाडूचे बंधनकारक हमीपत्र) ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाले. आता सही होते ती आर्थिक मदतीच्या करारावर. त्यात तीन गोष्टी लेखी हव्यात: रक्कम, किती वर्षे, आणि संघ बंद झाल्यास पदवी संपेपर्यंत मदत चालू राहील की नाही. ऑगस्ट २०२४ पासून डिव्हिजन वनमध्ये (एनसीएएच्या सर्वांत वरच्या स्तरावर) दुखापतीमुळे किंवा खेळ खालावल्यामुळे स्कॉलरशिप कमी करता येत नाही. संघच बंद पडला तर काय, हे मात्र करारातच वाचावे लागते.

कॉलेज खेळाडूंच्या जाहिरातीच्या कमाईचे आकडे ऐकून बजेट आखू नका. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम केले तर व्हिसाचा दर्जा जाऊ शकतो, आणि पैसे घेऊन केलेली इन्स्टाग्राम पोस्टही काम ठरू शकते. विद्यापीठाकडून थेट मिळणाऱ्या वाट्याबद्दलही आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचे लेखी उत्तर घ्या. गरज पडल्यास इमिग्रेशन वकिलालाही विचारा.

कर विसरू नका. ट्यूशन आणि सक्तीच्या पुस्तकांसाठीच्या स्कॉलरशिपवर कर नसतो, पण राहण्या-जेवणाच्या भागावर असतो. त्यावर एफ-१ विद्यार्थ्यांचा साधारणपणे १४ टक्के कर आधीच कापला जातो. १५ हजार डॉलरवर २,१०० डॉलर. ते भरायला पहिल्या सत्रात पैसे हाताशी ठेवा. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजावट) मिळते. १०४०-एनआर हा परदेशी नागरिकांचा अमेरिकी कर-विवरणपत्राचा फॉर्म भरून कापलेल्या रकमेपैकी बरीचशी परत मागता येते.

संघ बंद पडला किंवा कोच बदलला तर ट्रान्सफर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या एनसीएएच्या ऑनलाइन यादीतून) दुसरीकडे जाता येते. २०२४ च्या नियमानुसार, शैक्षणिक अटी पूर्ण असतील तर लगेच खेळताही येते. आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेले प्रवेशाचे कागदपत्र) नव्या विद्यापीठाकडे वर्ग झाल्याशिवाय जुने सोडू नका. आणि पहिल्या सत्रापासून प्रत्येक विषयाचा सिलॅबस जपून ठेवा. क्रेडिट मान्य करताना नवे विद्यापीठ तोच मागते.