रुग्णालयासाठी किती माणसं लागतील? आराखडा करताना या चुका टाळा

मनुष्यबळाचा आराखडा मागितला की बहुतेक ठिकाणी आकृतिबंधाची, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्याची फाइल निघते. मंजूर पदं, भरलेली पदं, वजाबाकी केली की रिक्त पदं. ही झाली भरतीची मागणी, नियोजन नव्हे. तो आकृतिबंध मंजूर झाला तेव्हा खाटा किती होत्या, ओपीडी किती वाजेपर्यंत चालायची, हे त्यात दिसत नाही. सगळी रिक्त पदं भरूनही वॉर्डात सिस्टर कमी पडतात, त्या यामुळेच.

सर्वांत महाग पडणारी चूक पाळ्यांच्या हिशेबात होते. ‘तीन पाळ्या, म्हणून तीन सिस्टर.’ आता नीट मोजा. आयसीयूतल्या एका जागेवर वर्षभर चोवीस तास माणूस हवा, तर 365 गुणिले 3, म्हणजे 1095 पाळ्या भरायच्या. एका सिस्टरच्या 365 दिवसांतून 52 साप्ताहिक सुट्या वजा करा. रजा, सण, आजारपण, प्रशिक्षण मिळून आणखी 60 दिवस धरा. उरले 253. म्हणजे एका जागेला तीन नव्हे, चारहून जास्त सिस्टर लागतात. अशा दहा जागांना 30 ऐवजी 43 ते 44. रजा राखीव पदं असतात ती यासाठीच, पण काटकसर सुरू झाली की पहिली कात्री त्यांनाच लागते! जागतिक आरोग्य संघटनेची ‘डब्ल्यूआयएसएन’ पद्धतही याच वाटेने जाते: आधी कामाला लागणारा वेळ, मग माणसाचा प्रत्यक्ष उपलब्ध वेळ, आणि शेवटी पदसंख्या.

दुसरी चूक लोकसंख्येच्या भागाकाराची. याच संघटनेने 2016 मध्ये दर 10,000 लोकांमागे डॉक्टर, नर्स आणि सुईणी मिळून 44.5 असा आकडा दिला. तो देशपातळीवर अंदाज घेण्यासाठी आहे, मुंबईतल्या केईएम किंवा सायन रुग्णालयाच्या एखाद्या वॉर्डासाठी नाही. शिवाय मुंबईची कोणती लोकसंख्या धरणार? 2011 च्या जनगणनेतली सव्वा कोटीच्या आसपास आहे, आणि या रुग्णालयांच्या रांगेत पालघर, रायगडपासून परराज्यांपर्यंतचे पेशंट असतात. इथे केसपेपर मोजा, खाटा मोजा.

निवासी डॉक्टरांना कायम मनुष्यबळ समजू नका. ते शिकायला आलेले असतात आणि तीन वर्षांनी जातात. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाच्या नीट-पीजी 2021 परीक्षेनंतरचं समुपदेशन, म्हणजे जागावाटप, जानेवारी 2022 पर्यंत लांबलं, तेव्हा नवी तुकडी वेळेवर आलीच नाही आणि आधीच्या दोन तुकड्यांवर सगळा भार पडला. बंधपत्रित, म्हणजे शिक्षणानंतर बाँडची ठरावीक मुदत सेवा देणाऱ्या डॉक्टरांचंही तेच. त्यांची मुदत कोणत्या महिन्यात संपते, हे आराखड्यात लिहिलेलं हवं.

आणि यंत्रं. सीटी स्कॅनच्या खरेदीचा प्रस्ताव जातो, तंत्रज्ञाच्या पदाचा राहून जातो. दोन्ही एकाच फाइलवर पाठवा, नाहीतर रात्रपाळीला यंत्र असून पेशंटला बाहेरची चिठ्ठी मिळते.